कॅसेटवर राहून गेलेले सिनेमे

सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला आणि हातात येतो तो व्हीएचएस कॅसेटवर, ही गोष्ट मला सुरुवातीला समजतच नव्हती. डिजिटल म्हणजे डीव्हीडी, हार्ड डिस्क, फोन. व्हीएचएस म्हणजे ऐंशीच्या दशकात टीव्हीसकट रात्रभरासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि पहाटेपर्यंत पाहिलेले तीन सिनेमे. एक जग संपलं आणि मग दुसरं सुरू झालं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात १९९५ ते २००५ च्या आसपास ही दोन्ही जगं एकाच घरात नांदत होती. कॅमेरा डिजिटल झाला होता, पण बघायचं यंत्र बहुतेकांकडे व्हीसीआरच होतं. आपल्याकडे व्हीसीडी येऊ लागली होती, डीव्हीडी अजून महाग होती. त्यामुळे छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर काम करणारी माणसंही आपला सिनेमा व्हीएचएसवर उतरवायची आणि तीच कॅसेट महोत्सवांना पाठवायची, कार्यकर्त्यांना द्यायची, कॉलेजांना विकायची. जे सिनेमे गाजले ते पुढे डिस्कवर आले, मग इंटरनेटवर. बाकीचे कॅसेटवरच राहून गेले.

मी हे राहून गेलेले सिनेमे गोळा करायला लागले आहे. या छंदात मी नवी आहे आणि रोज काहीतरी नवीन कोडं पुढ्यात येतं. नोकरी हिशेबाची, सिनेमाचं शिक्षण नाही. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह दोन्ही पुण्यात असूनही माझा त्यांच्याशी संबंध प्रेक्षक म्हणून, तोही अधूनमधून.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, एका गाळ्यावर बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचं खोकं आलं होतं. वरचा थर ओळखीचा, हिंदी सिनेमे आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या कॅसेट्स. खालच्या थरात छापील वेष्टण नसलेल्या. पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘डॉक्यु.’, ‘प्रीव्ह्यू कॉपी’, ‘फायनल २’, ‘रफ, साउंड नाही’. विक्रेता म्हणाला, “त्यात काही नाही ताई, पुसून वापरायच्या असतील तर घ्या.” पुसून वापरायच्या, म्हणजे त्याच्या लेखी ती कोरी फीत होती. मी ते खोकं घेतलं कारण ‘फायनल २’ हे शब्द मला सोडवेनात. कुणीतरी एक फायनल करून पुन्हा दुसरं केलं होतं. इतका विचार ज्यावर झाला, ते काय होतं?

ते बघायचं कशावर, हा पुढचा प्रश्न. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी ती जगातली शेवटची कंपनी. म्हणजे आज जो व्हीसीआर मिळेल तो जुनाच, आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या व्हीसीआरमधून काढलेले. तपकीर गल्लीच्या परिसरात विचारत विचारत एका जिन्याखालच्या दुकानात पोचले. तिथले काका पूर्वी दिवसभर व्हीसीआरच दुरुस्त करायचे, आता अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतात. मी विचारलं, “काका, चांगला व्हीसीआर मिळेल का?”

“मिळेल. पण आधी कॅसेट दाखवा. मशीन बिघडलं तर दुसरं शोधता येतं. ही दुसरी कुठून आणाल?”

त्यांनी कॅसेटचं झडप उचलून फीत उजेडात धरली, खिडकीतून दोन्ही रिळं पाहिली, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग एका व्हीसीआरचं वरचं झाकण काढून तो उघडाच चालू केला आणि मला शेजारी उभं केलं. कॅसेट आत सरकली, झडप उघडलं आणि दोन छोट्या खुंट्यांनी पुढे येऊन फीत कॅसेटबाहेर ओढली. ती एका चकचकीत, किंचित कललेल्या ढोलाभोवती गुंडाळली गेली. अर्धा इंच रुंदीची ती काळपट फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकत होती. ढोल मात्र मिनिटाला १५०० फेऱ्या घेत होता. ढोलाच्या कडेला दोन हेड बसवलेले असतात, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत इतके बारीक. ढोल कललेला असल्यामुळे हेड फितीवर तिरक्या रेषा वाचत जातात. एका रेषेत अर्धं चित्र, म्हणजे एक फील्ड. सेकंदाला अशा ५० रेषा. एकेका रेषेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी.

“ट्रॅकिंगचं बटण फिरवायचो ना आपण? ते यासाठी,” काका म्हणाले. “हेड त्या रेषेवर बरोबर बसलं पाहिजे. दुसऱ्या मशीनवर भरलेली कॅसेट असली की जरा इकडेतिकडे होतं.”

लहानपणी चित्राच्या खाली नाचणारा तो पांढरा पट्टा मी शेकडो वेळा पाहिला होता. आता कळलं की तो पट्टा म्हणजे दोन यंत्रांमधलं अंतर. ज्याने कॅसेट भरली त्याचं यंत्र वेगळं, माझं वेगळं, आणि मधे केसाहूनही बारीक फरक.

हेड साफ करणं त्यांनी मला तिथेच शिकवलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ कातड्याचा तुकडा ढोलाला आडवा टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ढोल हळूहळू फिरवायचा. तुकडा वर-खाली कधीच घासायचा नाही, हेड तुटतो. कापूस वापरायचा नाही, तंतू अडकतात. हे ते दोनदोनदा सांगत होते, आणि मी वहीत लिहून घेत होते.

पहिला मोठा गोंधळ अमेरिकेहून आला. न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर येताना माझ्यासाठी ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ ची कॅसेट घेऊन आला. म्हणाला, “तुझ्या यादीतलं हे एकच सापडलं, पण आमच्या राज्यातलंच निघालं.” खरंच होतं. सिनेमा न्यू जर्सीतल्याच पाइन बॅरन्स या पाइनच्या पसरट जंगलात घडतो. १९९८ साली स्टीफन अव्हालोस आणि लान्स वायलर या दोघांनी तो केला, खर्च अवघा ९०० डॉलर, आणि संकलन घरगुती कॉम्प्युटरवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो उपग्रहाद्वारे थिएटरांपर्यंत पोचवून दाखवला गेला, फिल्मची प्रिंट न काढता. जंगलात हरवलेल्या चित्रीकरण-पथकाची गोष्ट म्हणून पुढच्या वर्षी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ जगभर गाजला. हा मात्र मागे राहिला.

कॅसेट लावली तर चित्र काळंपांढरं आणि सतत वर सरकत जाणारं. आवाज मात्र ठीक. मला वाटलं फीत गेली. काका हसले आणि म्हणाले, “फीत चांगली आहे, ती अमेरिकेची आहे एवढंच. तिकडे एनटीएससी, आपल्याकडे पाल.” आपल्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि चित्राच्या ५७६ रेषा, तिकडे जवळपास ३० फ्रेम आणि ४८० रेषा. रंग नोंदवायची रीतही निराळी. कॅसेटचं खोकं दोन्हीकडे अगदी सारखं, बाहेरून ओळखायला काही खूण नाही. फक्त पट्टीवरचं अक्षर बघायचं, ई-१८० असेल तर आपल्याकडची, टी-१२० असेल तर तिकडची, तेही छापील असेल तरच. मग दोन्ही पद्धती वाचणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधणं आलं. तो आखाती देशांतून परतलेल्या एका कुटुंबाच्या माळ्यावर मिळाला, आणि त्या घरातल्या आजींनी तो पुसून, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

डेन्मार्कचा ‘फेस्टेन’ मी आधी पडद्यावर पाहिला होता, पण तो काय आहे हे कॅसेटवर पाहताना कळलं. १९९५ साली लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस व्हिंटरबर्ग यांनी ‘डॉग्मा ९५’ नावाचा जाहीरनामा काढला. दहा नियम. चित्रीकरण प्रत्यक्ष जागीच, कॅमेरा हातात, वेगळे दिवे नाहीत, वरून जोडलेलं संगीत नाही. दिग्दर्शकाचं नाव द्यायचं नाही. आणि सिनेमा ३५ मिलिमीटर फिल्मवर असला पाहिजे. या शेवटच्या नियमातून त्यांनी वाट काढली. अंतिम प्रिंट ३५ मिलिमीटरची ठेवली, पण चित्रीकरण व्हिडिओवर केलं. व्हिंटरबर्गचा ‘फेस्टेन’ छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी सोनीच्या पीसी-३ या घरगुती हँडिकॅमवर टिपला. मुठीत मावणारा, लोक वाढदिवस टिपायला घ्यायचे तसला कॅमेरा. १९९८ ला कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. एका श्रीमंत घरातला वाढदिवस, मोठा मुलगा उठून वडिलांबद्दल जे बोलतो ते ऐकताना टेबलाभोवतीची माणसं गोठतात, आणि कॅमेरा त्यांच्यातल्याच एखाद्या पाहुण्यासारखा वावरतो. इतक्या जवळ मोठा कॅमेरा जाऊच शकला नसता.

म्हणजे हा सिनेमा आधी डिजिटल होता, मग फिल्म झाला, मग त्या फिल्मवरून माझ्या हातातली अॅनालॉग कॅसेट झाली. यातलं मूळ कुठलं? हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. फिल्मच्या संग्राहकाला निगेटिव्ह असतं. सगळ्या प्रिंट्सची ती आई, तिच्याकडे जाता येतं. माझ्या खोक्यातल्या सिनेमांना तसं काही नाही. १९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्हीच्या फितीवर एका तासाचं चित्रण साठतं, आणि ते कॉम्प्युटरवर घेतलं तर साधारण १३ जीबी जागा लागते. दोन हजार सालच्या आसपास संकलनासाठी मिळणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरची डिस्क असायची २०-४० जीबीची. एक सिनेमा जोडून झाला की तो परत फितीवर उतरवायचा आणि डिस्क रिकामी करायची, दुसरा मार्गच नव्हता. ज्या कॉम्प्युटरवर सिनेमा तयार झाला तिथून तो लगेच पुसलाही गेला. उरली ती फीत, आणि तिच्यावरून काढलेल्या कॅसेट्स.

मालेगावला गेले ते हे समजून घ्यायला. मुद्दाम शुक्रवारी गेले, कारण शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि माणसं बोलायला मोकळी असतात. तिथल्या सिनेमांची कहाणी आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून कापाकापी आत्मसात केली आणि गावातल्याच मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सगळं डोळ्यांनी दिसतं. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी, आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ च्या वेळी हवेत उडण्यासाठी हिरवं कापड. २०१२ मध्ये हा माहितीपट थिएटरात लागला. रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये आला आणि गावाचं नाव आणखी दूर गेलं.

मला मात्र गाजलेल्या नावांच्या पलीकडचं हवं होतं. एका जुन्या कॅसेटवाल्यांकडे बसले. त्यांनी चहा मागवला आणि माझा प्रश्न ऐकून म्हणाले, “बेटी, तब टेप महँगा था. एक पिक्चर चला, उतरा, उसी टेप पे दूसरा चढ़ा देते थे.” त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. कपाटातून त्यांनी तीन कॅसेट काढल्या. एकीवर सिनेमाचं नाव खोडून दुसरं लिहिलेलं, त्यावर तिसरं. पहिलं नाव नखाने खरवडून वाचायचा आम्ही दोघांनी प्रयत्न केला. त्यांना तो सिनेमा आठवत होता, त्यात काम केलेला शेजारी आठवत होता, एक विनोदही त्यांनी मला हातवारे करून सांगितला. फितीवर आता तिसराच सिनेमा आहे. पहिल्याची आठवण असलेली माणसं आहेत, पट नाही. तिथे बसल्या बसल्या मला वाटलं की यांचं बोलणंही टिपून ठेवायला हवं, आणि त्यांच्या परवानगीने फोनवर ते टिपलं. संग्रहात ते मी त्या कॅसेटच्या शेजारीच ठेवलं आहे.

मुंबईची गोष्ट निराळी. तिथे या काळात माहितीपट करणाऱ्यांची एक धडपडणारी पिढी होती आणि तिच्या कॅसेट्स हातोहात फिरायच्या. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा २००१ चा ‘साचा’ मला एका निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटातून मिळाला. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन, दोघांच्या नजरेतून गिरणगाव आणि बदलती मुंबई. माझी प्रत बहुधा प्रतीची प्रत आहे. व्हीएचएसवर रंगाची नोंद मुळातच ढोबळ होते, आणि दर वेळी प्रत काढली की रंग आणखी फुटतो, खासकरून लाल. पटवर्धनांच्या चित्रांतला लाल माझ्या टीव्हीवर आकाराच्या कडेबाहेर उजवीकडे ओघळतो. हे नुकसानच आहे, मी त्याला सुंदर म्हणणार नाही. पण सुर्व्यांचा आवाज आणि बोलताना थांबण्याची त्यांची लकब या प्रतीतही शाबूत आहे, आणि मी ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह आवरते, कारण दर वेळी लावताना ती थोडी झिजते.

२००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय सिनेमांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, परदेशी सिनेमांना नाही. निर्मात्यांनी विरोध केला, अट मागे घेतली गेली, पण अनेक महत्त्वाचे माहितीपट निवडीत वगळलेच गेले. तेव्हा त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने आपला वेगळा महोत्सव भरवला. गुजरातवरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्यूशन’ त्याच वर्षीचा. त्याला सेन्सॉरने परवानगी नाकारली तेव्हा शर्मांनी लोकांना सरळ सांगितलं, प्रती काढा आणि वाटा. काही महिन्यांनी बंदी उठली. ज्या काळाच्या कॅसेट्स मी शोधते आहे त्या काळात सिनेमाची प्रत काढणं हे किती जणांनी जबाबदारीने केलेलं काम होतं, हे मला यातून कळलं. कपाटात एक अस्पष्ट प्रत दिसली की आता मी आधी विचारते, तुम्हाला ही कोणी दिली? त्या उत्तरातून पुढचं घर सापडतं.

खोक्यात मिनीडीव्हीच्या छोट्या कॅसेट्सही निघाल्या. काडेपेटीहून थोड्या मोठ्या, आत पाव इंच रुंदीची फीत. मला वाटायचं, डिजिटल आहे म्हणजे सुरक्षित आहे. काका म्हणाले, उलट यांचीच जास्त काळजी करा. व्हीएचएसची फीत खराब झाली तर चित्रात रेघा येतात, मुंग्या येतात, तरी माणूस ओळखता येतो. डिजिटल फितीवरची नोंद वाचता आली तर पूर्ण येते, नाही आली तर चेहऱ्याच्या जागी चौकोन. त्यात हे वाचायला कॅमेरा किंवा डेक चालू हवा, आणि कॉम्प्युटरला फायरवायर हवी. ती जोडणी आजच्या लॅपटॉपवर नसते. मी एक जुना टॉवर कॉम्प्युटर त्यासाठीच ठेवला आहे, त्याला इंटरनेटही जोडलेलं नाही. फायरवायरने आलेलं चित्रण मात्र फितीवर होतं तसंच उतरतं, एका बिटचाही फरक न पडता. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. वीस वर्षांपूर्वीचा परळचा रस्ता इतका स्वच्छ, की दुकानाच्या पाटीवरचा मजकूर वाचता येत होता.

२०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभरातल्या संस्थांना इशारा दिला होता की चुंबकीय फिती वाचणारी यंत्रं २०२५ च्या सुमाराला दुर्मिळ होतील, त्याआधी सगळं उतरवून घ्या. ती तारीख येऊन गेली. हे वाचलं त्या दिवसापासून माझ्या गोळा करण्याचा वेग बदलला. आता नवीन कॅसेट आणण्याआधी घरातली एक उतरवून घ्यायची, असा नियम केला आहे. उतरवलेलं मी कुठे टाकत नाही, दाखवत नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे या सगळ्या सिनेमांचे मालक हक्कदार आहेत आणि बहुतेक जण हयातही. त्यांना शोधून विचारायचं, हेच बरोबर.

पावसाळा हा सगळ्यांत मोठा शत्रू. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी दिसली की ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला. काका अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात, सिलिका जेलसोबत. नंतर कॅसेटचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घेतात आणि मास्क लावून कोरड्या कापडाने साफ करतात. मी हे काम अजून त्यांच्या देखरेखीखालीच करते. कॅसेट कधीही आडवी ठेवायची नाही, पुस्तकासारखी उभी, आणि फीत पूर्ण एका रिळावर गुंडाळून.

आणि ‘फायनल २’. ती कॅसेट स्वच्छ निघाली. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावात ज्या बायका कामगारांच्या खाणावळी चालवायच्या त्यांचं पुढे काय झालं, यावरचा सुमारे पाऊण तासाचा माहितीपट. एक बाई रिकाम्या पंगतीच्या जागेवर बसून सांगते, कोण कुठल्या गावचा, कोणाला भाकरी लागायची, कोणाची उधारी राहिली. ती उधारीची वही उघडते, कॅमेरा वहीच्या इतका जवळ जातो की तिची बोटं अस्पष्ट होतात आणि नावं स्पष्ट. नंतर ती त्यातलं एकेक नाव वाचते, आणि प्रत्येकापुढे गावाचं नाव. त्या दृश्यात संगीत नाही, निवेदन नाही. मला वाटतं, मी पाहिलेल्या चांगल्या सिनेमांत हा आहे. शेवटी श्रेयनामावलीत तीनच नावं, आणि कॅसेटच्या पट्टीवर एक फोन नंबर, मुंबईचा, सात आकडी.

मुंबईचे नंबर २००२ मध्ये आठ आकडी झाले, पुढे २ लागला. म्हणजे कॅसेट त्याआधीची. मी तो नंबर २ लावून फिरवला. पलीकडे एका बाईंनी उचलला. मी कॅसेटबद्दल सांगितलं तर त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “ते माझे दीर. आता डोंबिवलीला असतात. थांबा, नंबर देते.”

त्यांच्याशी बोलायला मला धीर गोळा करावा लागला. ते आता अनुवादाची कामं करतात. मी सिनेमाचं वर्णन केलं, वहीचा प्रसंग सांगितला. त्यांनी मला मधेच थांबवलं. “तुमच्याकडे आहे तो? चालतो?” २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, ते कलिन्याला तळमजल्यावर राहत होते. मिनीडीव्हीच्या सगळ्या मूळ फिती, संकलनाची टिपणं, कॅमेरा, सगळं छातीभर पाण्यात गेलं. त्यांच्याकडे स्वतःच्या सिनेमाची एकही प्रत नव्हती.

मी उतरवलेली फाईल त्यांना पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ते सिनेमाबद्दल फार बोलले नाहीत, पण ‘फायनल २’ म्हणजे काय ते सांगितलं. एका वाहिनीने लांबी कमी करायला सांगितली होती, म्हणून नऊ मिनिटं कापून हे दुसरं फायनल केलं. शेवटी वाहिनीने ते दाखवलंच नाही. पहिल्या फायनलमध्ये त्या बाई वहीतली नावं वाचून झाल्यावर एका कामगाराच्या गावी जातात, साताऱ्याकडे, उधारी मागायला नाही, भेटायला. तो भाग पहिल्यातच आहे. पहिल्याच्या प्रती त्यांनी तेव्हा कोणाकोणाला दिल्या होत्या, ती यादी त्यांनी आठवून आठवून मला लिहून पाठवली. नावापुढे गाव, कुठे पत्ता, कुठे नुसतं ‘युनियनच्या ऑफिसात विचारा’.

यादीतली एक संस्था बंद झाली आहे, दोघांचा पत्ता लागत नाही. सोलापूरच्या एका जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी फोन लागला. ते आता बोलत नाहीत फारसं, पण सूनबाई म्हणाल्या, मामंजींच्या कॅसेट्स आहेत, पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. पावसात माळा गळतो, तेव्हा दिवाळीनंतर या, म्हणजे काढून ठेवते.

मी या शनिवारीच निघते आहे. काकांनी सिलिका जेलची पाकिटं आणि एक घट्ट झाकणाचा डबा देऊन ठेवला आहे.